दुरुस्तीची खोली

१२ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, आई आहे, मीही आहे. फोन करता आला असता, पण फोनवर आधी तू बोलतोस, मग मी चिडते, आणि मग दोघांपैकी एकजण आपटून ठेवतो. पत्रात मला मध्येच कुणी तोडणार नाही.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, तिने पाठवलेली शाल आईला आवडली. म्हणजे आवडली असावी. हल्ली ती सांगत नाही.

शाळेत परीक्षा चालू आहेत. या दिवसांत माझ्या ग्रंथालयात पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर न फिरकलेली मोठ्या वर्गातली पोरं येतात आणि विचारतात, "बाई, यातलं सगळ्यात बारीक पुस्तक कुठलं?" मी हे सवयीने लिहून गेले. खरं तर मी सध्या घरी आहे. मला कामावरून थांबवलंय.

तुला मी कळवलं होतं की आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. ते खोटं होतं.

आईला काही लक्षात राहीनासं झाल्यापासून तिला सांभाळणाऱ्या बाई काम सोडून गेल्या, तेव्हा तू म्हणाला होतास, "आईला माझ्याकडे आणून सोड." मी काय काय बोलले ते मला आठवतंय, तुलाही आठवत असेल. "तुझ्या घरात तिला कोण विचारणार?" असं म्हटलं होतं मी. मग मी हट्टाने तिला रोज शाळेत घेऊन जाऊ लागले. मुख्याध्यापकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. अट एकच, आवाज होता कामा नये.

आणि आपली आई! जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. तिची हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, तू मैदानात लपलास तरी तुला शोधून काढायची. ग्रंथालयात पहिल्याच दिवशी पोरांची रांग बघितली आणि खणखणीत ओरडली, "पुढे सरका, पुढे सरका! मधे रिकामं आहे!" सगळी पोरं खरंच पुढे सरकली. मलाही हसू आलं रे. पण शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई तक्रार घेऊन आल्या.

मग मी तिला आतल्या खोलीत बसवायला लागले. ग्रंथालयाच्या मागे आमची दुरुस्तीची खोली आहे. पाठ सुटलेली पुस्तकं, खळ, दोरा, कापडी पट्ट्या, भिंतीला मासिकांच्या जाड बांधीव खंडांची मांडणी. आई खळ लावून पानं चिकटवायची, चुकीच्या पुस्तकात का होईना. रोज सकाळी खुर्चीत बसवलं की मी तिच्या ओठांवर बोट ठेवायचे. "आई, इथे बोलायचं नाही. कुणी ऐकलं तर आपल्याला घालवून देतील." पोरांना मी वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते. माझं कामच ते, लोकांना गप्प बसवायचं.

ती बाहेर भटकू नये म्हणून नंतर नंतर मी दाराला बाहेरून कडी घालू लागले. थोडा वेळ कुठे जायचं असलं तरच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी एक शिक्षक आले नाहीत म्हणून मला वरच्या मजल्यावर परीक्षेच्या देखरेखीला पाठवलं. आमच्याकडे त्या वेळी मोबाइल ऑफिसात ठेवावा लागतो आणि पेपर संपेपर्यंत वर्ग सोडता येत नाही. दारावरून शिपाई गेला होता. त्याला हाक मारून सांगता आलं असतं की आत माझी आई आहे, बघून ये. मला लाज वाटली. कडीचंही सांगावं लागलं असतं.

मी खाली आले तेव्हा ग्रंथालय भरलेलं होतं. पोरं माना खाली घालून वाचत होती. इतकं शांत होतं की मला बरं वाटलं, दादा. मी आतलं दार उघडलं.

मांडणी आडवी झाली होती. आई जमिनीवर, तिचा पाय खाली अडकलेला, अंगावर खंड पडलेले. साडी ओली झाली होती. मांडणी पडल्याचा आवाज पोरांनी ऐकला होता, पण त्यांना वाटलं, आतला पुस्तकांचा ढीग कोसळला असेल. एक हाक आली असती तर कुणीही धावलं असतं, दाराच्या अलीकडेच तर बसले होते सगळे. आईने मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "मी अजिबात ओरडले नाही गं."

शाबासकी मागत होती ती माझ्याकडे.

पाय जुळेल असं डॉक्टर म्हणतात. घसा तपासला, त्यात काही दोष नाही. पण त्या दिवसापासून ती बोललेली नाही. भूक लागली तरी नाही, दुखलं तरी नाही. मी घरभर मोठ्याने बोलत फिरते, भांडी आपटते, तिच्या बसचे सगळे स्टॉप ओरडून म्हणते. ती घाबरून दाराकडे बघते आणि मलाच खूण करते, गप्प बस म्हणून.

मुख्याध्यापक म्हणाले, चौकशीत तुमचं म्हणणं मांडा. मला काही मांडायचं नाही. नोकरी जाईल, जाऊ दे. माझी छाती फुटते ती आईला पाहून. तिला घालवून देतील ही भीती मीच तिच्या डोक्यात भरली, आणि आता माझ्याने ती निघत नाही. माझा चेहरा दिसला की तिचं बोट ओठांवर जातं.

म्हणून दादा, तू ये आणि आईला घेऊन जा. तुझ्याकडे मागायला मला तोंड राहिलेलं नाही, तरी मागते. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी उलटून बोलणार नाही.

आलास की बेल वाजवू नकोस. शाळेतून येताना जिन्यातूनच "आई, भूक!" म्हणून बोंबलायचास, तसाच बोंबल. शेजारी बाहेर आले तर येऊ देत. मी स्वयंपाकघरात थांबेन, तिच्यासमोर येणार नाही. कदाचित ती ओ देईल.

दाराला मी आता कडी घालत नाही. नुसतं ढकल.

तुझी वाट बघणारी,
धाकटी