कोणत्या शुक्रवारपासून

कराबुलाक,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर १९९७

चि. कुरालायला बापाचे अनेक आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो सोव्हिएत काळापासून कुरकुरतोय. गवत रचून झालं. गाय आटली. नातवाला दात आले का, ते जावईबापूंना कळवायला सांग, तू कामात असशील.

तुझं पाकीट पोचलं. आतला टाइप केलेला कागद चारदा वाचला. 'एरदोसला दया दाखवू नये, गोळी घालण्याची शिक्षा कायम ठेवावी, ही मयताच्या वडिलांची मागणी.' खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा. तू लिहितेस, "बाबा, गोळीऐवजी तुरुंग झाला तर पंधरा वर्षांनी तो सुटेल, लग्न करेल, पोरं खेळवेल. आणि आपला मकसूत?" नुरलान मास्तर म्हणाले, सरकारने मारल्याने खून थांबत नाहीत. मी म्हटलं, "मास्तर, तुमचा पोरगा घरी जेवतोय, म्हणून तुम्हाला शहाणपण सुचतंय." बिचारे टोपी उचलून गेले. तेव्हापासून इकडे कोणी फिरकत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टात "बरं झालं!" असं मीच ओरडलो होतो. घोडे चोरायला आलेल्यांत मकसूतने एरदोसला ओळखलं, नावाने हाक मारली, आणि त्या हाकेपायी जिवानिशी गेला. आपल्याच घरात जेवून वाढलेला पोरगा! मी काही विसरलेलो नाही.

आता शेलपेकचं. "बाबा, शुक्रवारी दादाच्या नावाने सात तळता ना, की कंटाळा करता?" तळतो गं त्या पोळ्या. तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणतात. पहिल्या शुक्रवारी पोचला असेल तर करपट पोचला. तुझी आई असती तर झाऱ्यानेच हाणलं असतं. सहा घरी वाटले, सगळे तोंडावर "छान" म्हणाले आणि कुत्र्यांची चंगळ झाली. उन्हाळ्यात तू आलीस, खाताना रडलीस, म्हणालीस, "अगदी आईच्या हातचे!" मी चहा ओतत राहिलो. पीठ मी मळलंच नव्हतं. ते बातिमाकाकूने मळलं होतं.

हो, तीच. एरदोसची आई.

दुसऱ्या शुक्रवारी कुंपणाच्या खांबावर फडक्याखाली मळलेलं पीठ ठेवलेलं दिसलं. मी ते तिच्या अंगणात भिरकावलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा होतं, पुन्हा भिरकावलं. चौथ्यांदा मात्र लाज गिळली आणि तळायला बसलो. तेव्हापासून ती ठेवते, मी उचलतो. आमच्यात अवाक्षर नव्हतं. सहा घरी देतो आणि सातवा घरी आणून एकटाच खातो, कारण सातवं घर तिचंच होतं.

तुझा कागद आला त्या दिवशी ती कुंपणाशी उभी होती. पोस्टमनने गावभर केलं असणार. मला वाटलं, आता ही पाया पडणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. तर ती म्हणाली, "दादा, गोळी घातली की दिवस सांगत नाहीत म्हणे. कुठे पुरलं तेही नाही. मग मी तळायचं कोणत्या शुक्रवारपासून?"

मी पाठ फिरवून घरात आलो. मला माझा शुक्रवार ठाऊक आहे, पोरी. मकसूतला मी या हातांनी मातीत ठेवलं, त्याच्या कबरीवरचं तण मी उपटतो. माझ्याजवळ एवढंच उरलंय, आणि तिला तेवढंही मिळू नये म्हणून मी सही करायची?

एरदोसला मी माफ केलेलं नाही. तुरुंगात म्हातारा होऊ दे, रोज ती हाक कानात वाजू दे. पण त्याला मारू नका, असं मी स्वतःच्या हाताने लिहून परवा अल्माटीला सरकारकडे धाडलं. आता तू आदळआपट केलीस तरी ते पत्र माघारी येत नाही.

हे सांगायला दोन दिवस धजलो नाही, म्हणून वर गाय नि गुडघा लिहीत बसलो. तू रागावलीस की पत्रं बंद करतेस, आणि मला तुझ्यावाचून कोण आहे? आज सातवा शेलपेक शेजारी नेऊन दिला. बातिमाने खाल्ला नाही, नुसती छातीशी धरून उभी राहिली.

तुझा कागद बिनसहीचा परत पाठवतोय. कधीच येणार नसलीस तर तसं स्पष्ट लिही. दिवस ठाऊक नसताना वाट बघणं कसं असतं, ते मी कुंपणापलीकडे रोज बघतोय.

मकसूतचा बाप, आणि तू म्हणशील तर तुझाही,
सेतकाली