रूपाची अंडी आणि कानबाईचा कोपरा

१ जून, रविवार
मादीनं अंडी घातली. सात. पांढरी, एकमेकांना चिकटलेली. आई तिला रूपा म्हणते. मी म्हणत नाही. प्रयोगातल्या प्राण्याला नाव ठेवलं की निरीक्षण बिघडतं.

बॉल पायथन. परदेशी, बिनविषारी, नर-मादी दोन्ही सरकारदरबारी रीतसर नोंदलेले. तरी कॉलनीत कुणाला सांगितलेलं नाही. शेजारच्या सुमनबाईंना 'कासव' सांगितलंय. गोपनीयता पूर्ण.

मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती. ती स्वतःही उबवू शकते, पण अंदाजे. मी अंडी काढून घेतली. तिनं फारसा विरोध केला नाही. (फुत्कारली. दोनदा.)

इनक्युबेटर तयार: थर्माकोलची पेटी, हीटिंग पॅड, टेम्परेचर कंट्रोलर. रावेरला केळी पिकवण्याच्या थंड खोल्यांना मी रोज हाच कंट्रोलर बसवते. डोळे मिटूनही सेट करता येतो. आज जवळजवळ तसाच केला. साडेएकतीस डिग्री. डिस्प्लेचा उजेड नको म्हणून तो भिंतीकडे फिरवला.

पिल्लं निघतील जुलैअखेर. संकल्प: पेटीतलं तापमान नोंदवणारा डेटा लॉगर दर रविवारी तपासायचा.

८ जून, रविवार
लॉगरची केबल ऑफिसात राहिली.

मादी पाण्याच्या वाटीभोवती वेटोळं घालून बसते. आई म्हणाली, "पोरं शोधतेय गं ती." आईला सांगितलं, सरपटणाऱ्या प्राण्यांना असलं काही नसतं.

१५ जून, रविवार
केबल आणली. पण सिस्टिम नीट चाललेली असताना रोज उघडून बघणं हा अविश्वास झाला. ऑफिसात ज्युनिअरना मी हेच सांगते.

आईनं पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "तापलाय गं डबा." तिला म्हटलं, हात हे मोजण्याचं साधन नाही.

फ्रीझरमधले मादीच्या खाण्याचे उंदीर मटारच्या पिशवीमागे सुरक्षित.

२९ जून, रविवार
एका अंड्यावर बुरशी. थोडी चालते. वाचलंय.

धुळ्याहून अक्काचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नानांच्या, थोरल्या बहिणीचा फोन. श्रावणातली कानबाई देवी यंदाही आमच्याकडे. बठ्ठी, म्हणजे सगळी, भाऊबंदकी येणार. कानबाई दरवर्षी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बसते. त्या कोपऱ्यात आता पेटी आहे. अंडी हलवता येत नाहीत.

नानांना तांत्रिक कारणं समजावून सांगितली. त्यांना सापाची भीती वाटते. त्या खोलीकडे आले तरी दारातूनच बोलतात, चपला पायात ठेवून. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कानबाई पुढच्या खोलीत बसवू." अक्काला फोनवर हेच सांगितलं. पलीकडून मलाही स्पष्ट ऐकू आलं: "भिकन, तुले याड लागनं का? आजाना काळपासून कोपरा तोच शे!"

नाना म्हणाले, "अक्का, जीव शे त्यामा. हालवाना नही."

मुद्दा पटवून देता आला याचं समाधान.

१३ जुलै, रविवार
घराला रंग. मी रावेरला होते. घरी आले तर इनक्युबेटर बंद! नानांनी सकाळी बटण बंद केलं होतं, भिंत ओली, शॉक बसू नये म्हणून. आणि स्वतः खोलीत जाऊन पेटीवर प्लास्टिक टाकलं होतं. चपला बाहेर काढून.

मी रागावले नाही. फक्त इतकंच म्हटलं की पूर्ण दिवसाचा खंड हा गंभीर प्रकार आहे आणि शिकलेल्या माणसाच्या घरात असं व्हायला नको. नाना "हो, हो" म्हणाले. हातावरचा चुना खरवडत राहिले.

अंडी खोलगट झाली आहेत. पिल्लं निघायच्या आधी होतात. उत्तम लक्षण.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. आईनं फ्रीझर रिकामा करायला लावला. "महिनाभर या घरात उंदीर नको." मादीचाही श्रावण. तसंही अंडी घातल्यापासून ती खात नाहीये. योगायोग.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी
सुमनबाई दूध-लाह्यांची वाटी घेऊन दारात.

मी: आमच्याकडे कासव आहे.
सुमनबाई: "कासवाला नाही गं बाई, रूपाला आणलंय."

साप दूध पीत नाहीत, हे मी शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहितेय. नमस्कार करते आणि घरी नेऊन चहाला घालते." म्हणजे त्यांना माहीत आहे. बाकी कॉलनीला अजून माहीत नसावं.

(अक्का आजच मुक्कामाला आली. तिचं म्हणणं: "बठ्ठास्ले माहीत शे. रिक्षावालाबी म्हने, सापवाली पोरनं घर ना?")

१ ऑगस्ट, शुक्रवार
तारीख उलटली. एक अंडं कापलं. पिवळा घट्ट गोळा. वास. दुसरं, तिसरं, सगळी तशीच.

कारण उघड आहे. तेरा जुलैचा खंड.

मी हे सांगितलं तेव्हा पुढच्या खोलीत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला सगळे बसले होते. आवाज चढवला नाही. फक्त कारण सांगितलं. नाना उठले आणि म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार." मग बराच वेळ बाहेर नळाजवळ उभे होते. नळ बंद होता.

अक्का मला म्हणाली, "आते समाधान व्हयनं का तुनं?"

अक्काला आलेख काढूनच दाखवणार. आकड्यांशी वाद घालता येत नाही.

३ ऑगस्ट, रविवार, कानबाई
कानबाई पुढच्या खोलीत बसली. जागा अपुरी. फुगडी घालणाऱ्या बायका टीव्हीच्या टेबलाला धडकत होत्या. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की कोपरा रिकामा असून देवी दारात बसवली आहे. कोपरा रिकामा आहे हे खरंच. पेटी मी कालच गच्चीवर ठेवली.

नाना नमस्काराला वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. "चुकी मन्ही शे, माय," एवढंच ऐकू आलं. कोपऱ्याबद्दल की अंड्यांबद्दल, माहीत नाही.

दुपारी लॉगर पहिल्यांदा उघडला.

एकोणचाळीस. चाळीस. पहिल्या दिवसापासून. आधी केबल तपासली. मग सेन्सर. मग गच्चीवर जाऊन कंट्रोलर पुन्हा जोडला आणि डिस्प्ले स्वतःकडे फिरवला.

कूलिंग मोड. हात सवयीनं तिथेच गेला होता. थंड खोलीत गरम झालं की मशीन चालू होतं. इथे गरम झालं की हीटर चालू होत होता, आणि उकाड्यात तो कधी थांबतच नव्हता.

पूर्ण आलेखात एकच दिवस तापमान बरोबर आहे. तेरा जुलै.

संकल्प: जसं सगळ्यांसमोर बोलले तसंच सगळ्यांसमोर सांगायचं. आज.

आज पाहुणे फार होते.

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी विसर्जन. नदीवर बोलायला वातावरण योग्य नव्हतं. जेवणावळीत आवाज पोचला नसता. चारच्या एसटीनं अक्का गेली. मग सांगितलं. नाना नळावर पाय धूत होते, बाकी कुणी नव्हतं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे मी बंद केला, तो एक दिवस बरा गेला त्यांचा?"

हो म्हटलं.

"मग दोन-चार दिवस रंग चालू ठेवायला पाहिजे होता." आणि पायात चपला घालताना म्हणाले, "अक्काला सांगू नको. उगाच बोलेल तुला."

नाही सांगितलं.

रूपा अजून वाटीला वेटोळं घालून बसली आहे. पाणी बदलायला हवं होतं. वाटी काढली नाही. वरूनच ओतलं.