उजव्या बकलाजवळची निरी

प्रिय मार्सली,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. टपालवाल्या मोरागने ते फाटकावरूनच हलवून दाखवलं आणि हॅलिफॅक्सचं आहे, लग्नाचं आहे असं ओरडून सांगितलं, त्यामुळे मी वाचायच्या आधी समोरच्या रूरीला तुझ्या लग्नाची कुणकुण लागली. गेल्या दोन वर्षांतलं तुझं हे चौथं कार्ड, आणि दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर असलेलं पहिलं. तुझा नवरदेव इलायस चांगला मुलगा दिसतोय. फोटोत त्याचे बूट चिखलाचे आहेत, ते मला आवडलं. आता तू अट घातली आहेस ती. आईने शिवलेला किल्ट घालून यायचं, आणि स्वच्छ. 'स्वच्छ'खाली तू रेघ मारली आहेस. ती रेघ मला पोचली, बाई. म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

तो किल्ट मी पेटीत ठेवलेला नाही. दीड वर्ष मी तो रोज वापरला. गोठ्यात, कुंपणावर, जळणासाठी दलदलीतली पीट-माती कापताना, मेंढ्यांची लोकर उतरवताना. अख्ख्या वाडीला माहीत आहे, फक्त तुला माहीत नव्हतं. रूरी रस्त्यावरून जाताना न चुकता विचारायचा, "टॉर्किल, पँट नावाची वस्तू दुकानात मिळते, कुणी सांगितलं नाही का तुला?" त्याला मी सांगायचो की माझ्या गुडघ्यांना तुझ्या तोंडापेक्षा चांगली हवा लागते.

आता काय काय झालं ते सगळं ऐक, म्हणजे तिथे मला बघून दचकायला नको. आठ वार कापड, पाठीमागे सत्तावीस निऱ्या, आणि त्या फक्त कंबरेपासून पुठ्ठ्यापर्यंत शिवलेल्या. खाली मोकळ्या. नाचायला हे फार छान, पण काटेरी तार ओलांडायला नाही. पहिल्याच महिन्यात चौथी आणि पाचवी निरी तारेवर राहिली आणि मी पलीकडे गेलो. मग आपला म्हातारा एडका. खाणं टाकायला वाकलो, त्याचं शिंग मागून निऱ्यांत घुसलं, आणि आम्ही दोघं कुरणभर एकमेकांना ओढत फिरलो. मी गुडघ्यावर बसलो की पुढच्या पदराची कड गुडघ्याखाली जायची आणि उठताना मी तोंडावर आपटायचो. तीनदा आपटलो, चौथ्यांदा शिकलो. पावसात भिजला की तो अंगावर एखादं कोकरू बांधल्यासारखा जड होतो, आणि थंडीत त्या भिजल्या कडा गोठून पोटऱ्यांच्या वर अशा घासतात की रात्री मोजे काढताना तोंडातून शिव्या येतात. चिलटांबद्दल मी तुला लिहीत नाही, तू इथेच वाढली आहेस.

गोठ्याच्या छपरावर डांबर लावताना मी डांबरावर बसलो. त्याच दिवशी वारा सुटला, आणि पाद्रीसाहेबांच्या पत्नी शिडीखाली केक घेऊन उभ्या. बिचाऱ्या पाच मिनिटं लॉखच्या पाण्याकडे बघून हवेविषयी बोलत राहिल्या. त्यानंतर मी एक चूक केली, जी या वाडीतल्या कुठल्याही पाच वर्षांच्या पोराने केली नसती. वाऱ्याने पदर उडू नये म्हणून पिन वरच्या पदराबरोबर खालच्या पदरातूनही घातली. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, ती नुसती वजनासाठी असते, हे तुझ्या आईने मला लग्नाच्या दिवशी दटावून सांगितलं होतं. मी दगडी बांध चढायला पाय उचलला आणि दोन्ही पदर टर्रकन फाटले, वीतभर. बांधावर बसून बसून मागची बाजू तर अशी झिजली होती की त्यातून उजेड दिसायचा.

तू विचारशील, मग घालायचा कशाला? आधी तुझ्यावरच्या रागाने घातला. आईच्या अंत्यविधीनंतर घरात लोक चहा घेत बसले होते, आणि मी दलदलीत रुतलेली मेंढी काढून, किल्टसकट गळ्यापर्यंत चिखलात माखून दारात आलो, ते तुला आठवतं. मलाही आठवतं. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तिने शिवलेलं एक दिवस तरी नीट ठेवता आलं नाही तुम्हाला?" आणि दोन दिवसांनी गेलीस. मी म्हटलं ठीक आहे, नीट ठेवता येत नाही ना, मग बघच. दुसऱ्या सकाळी तोच किल्ट घातला आणि कामाला गेलो. राग महिनाभर टिकला. त्यानंतर किल्ट अंगावरून काढवेना. बोटं वाकडी व्हायला लागल्यावर तिने शिवलेली ती शेवटची वस्तू होती. सकाळी बकलं लावताना तिने कंबरेला घट्ट धरल्यासारखं वाटायचं. पेटीत ठेवला असता तर कसरीने खाल्ला असता. त्यापेक्षा मी झिजवला. याची मला लाज वाटत नाही.

पण ऑक्टोबरात तो कंबरेवर टिकेना. तेव्हा तो घेऊन ऑयरिककडे गेलो. तुझ्या आईच्या हाताखाली शिकलेली ऑयरिक, आता साऱ्या जिल्ह्याचे किल्ट तीच शिवते. तिने तो टेबलावर पसरला, कड नाकाशी नेली, डांबर ओळखलं, मेंढी ओळखली, आणि मला मोजून दहा मिनिटं झापलं. मग म्हणाली, कापड अजून जिवंत आहे. सगळा उसवून निऱ्या नव्याने घालायच्या. झिजलेला भाग निरीच्या आत जातो, आत दडलेलं कोरं कापड बाहेर येतं. पूर्वी सगळे असंच करायचे, बापाचा किल्ट पोरगा वीस वर्षं आणखी वापरायचा. मी म्हटलं, मग कर. तिने कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली.

"टॉर्किल, तुमच्या पेगीचा एकही टाका राहणार नाही. मी तिचे टाके उसवणार नाही. तुम्हाला हवं तर तुम्ही उसवा."

मी तो घरी आणला आणि पंधरा दिवस खुर्चीवर तसाच पडू दिला. फाटका ठेवला तर तिचे टाके राहतील, पण तो कुणी कधी घालणार नाही. उसवला तर किल्ट राहील, पण तिचा हात जाईल. सोळाव्या दिवशी मी खिडकीशी बसलो आणि उसवला. असे बारीक टाके होते, मार्सली, की चष्मा लावूनही दिसेनात. दोरा जपून ठेवावा म्हटलं तर त्याचे कण कण झाले, शेवटी झाडून चुलीत टाकले. त्या दिवशी मी मेंढ्यांना वेळेवर खाणंही टाकलं नाही.

पण आतलं कापड बघायला हवं होतंस. हिरवं, निळं, आजच मागावरून उतरल्यासारखं. मग ठरवलं, शिवायचा तोही मीच. ऑयरिक हसली, नंतर हसायची थांबली. थंडीत इथे उजेड सहा तास, त्यातले दोन मेंढ्यांचे. उरलेल्या चारांत मी शिवत होतो. ती शनिवारी यायची, बघायची, आणि आठवड्याचं काम अर्धं उसवायला लावायची. माझी बोटं कुंपणाला घडलेली आहेत, सुईला नाहीत. फेब्रुवारीत निऱ्या पुऱ्या झाल्या. जरा जवळून बघितलंस तर टाके नांगरटीसारखे दिसतील, पण ओढून बघ, निघणार नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. अंत्यविधीच्या दिवशी मी मेंढीसाठी बाहेर गेलो नव्हतो. मेंढी दलदलीत होती हे खरं, पण रूरी आणि दोघं जण बाहेर निघालेच होते. मीच त्यांना मागे सारलं. लोक सँडविच खात तिच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते, तिच्या खुर्चीत कुणी तरी बसलं होतं, आणि मला तिथे बसवेना. मी पळालो, पोरी. तुला एकटीला त्या खोलीत सोडून पळालो, आणि चिखल हे मला निमित्त मिळालं. तू किल्टवरून रागावलीस असं मी दोन वर्षं धरून बसलो, कारण ते सोपं होतं. तुझ्या आईला निरोप दिला त्या दिवशी तुझा बाप तुझ्याजवळ नव्हता. यासाठी मी माफी मागतो. ती तोंडाने मागायला मी येतोच आहे, तू नको म्हणालीस तरी येणार आहे, तिकीट मोरागच्या मुलीने काढूनही दिलं. किल्ट स्वच्छ आहे. डांबराचा एक डाग निघाला नाही, तो निरीच्या आत गेला आहे. आणि उजव्या बकलाजवळची शेवटची निरी पदराखाली झाकली जाते, ती झिजलीच नव्हती. ती मी उसवली नाही. ती आईची आहे, वरपासून पुठ्ठ्यापर्यंत. तुमच्याकडे नवरी बापाच्या कोणत्या हाताला चालते ते मला ठाऊक नाही. तू माझ्या उजव्या हाताला चाल, म्हणजे तुझा हात तिच्यावर येईल.

तुझाच, न पळणारा,
बाबा