शुक्रवारचा दशैं

दोहा, कतार,
शनिवार, २८ ऑक्टोबर

तीर्थरूप दाजू आणि वहिनींना दधिरामचा वाकून नमस्कार. आमाच्या पायांवर तिच्या या धाकट्याच्या वतीने डोकं टेकवा.

मी बरा आहे. फोन असताना पत्र कशाला, असं वहिनी म्हणतील. आमच्या खोलीतला टेकनाथ सुट्टीवर नेपाळला निघालाय, त्याच्या हाती देतोय. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि माझं राहून जातं.

कॅम्पातला दशैं यंदाही शुक्रवारीच झाला. पंचांगात विजयादशमी मंगळवारी असली, तरी इथे सुट्टी शुक्रवारचीच! जव मिळाले नाहीत, गहू पेरला. पलंगाला घोंगडी लावून खाली अंधार केला, तरी एसीच्या गारठ्याने अंकुर बोटभरच आले. बोकडाऐवजी फ्रीजरमधली कोंबडी, मंत्र मोबाइलवर. मगर जमातीच्या पोरांना पांढरा टिळा हवा, बाकीच्यांना लाल, दरवर्षी भांडण. यंदा स्वयंपाकी खिमबहादूरने दही-तांदळात निम्मंच कुंकू घातलं. सगळे गुलाबी!

इथे ना आईबाप, ना चुलते. वयाने मोठा मीच, म्हणून पोरांना टिळा दरवर्षी मी लावतो. यंदा नाही म्हटलं.

"काका, भाव खाताय होय?" टेकनाथ म्हणाला.

"हात दुखतोय."

"आशीर्वाद द्यायला काय सिमेंटची गोणी उचलायचीय?"

सगळे हसले, मीही हसलो. शेवटी खिमबहादूरने लावला. मी स्वतःही लावून घेतला नाही, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तुम्ही घरात बसून लोकरीची टोपी घातली होती. सर्दी झालीय म्हणालात. बा कुठे? झोपलेत. भरदुपारी? हो, भरदुपारी. आमाला दाखवा म्हटलं, तर वहिनींनी फोन छताकडे वळवला. तेवढ्यात तुमची सरू मधे आली. तांदूळ सुकून गळेपर्यंत जी पोरगी कपाळाला पाणी लागू देत नाही, तिच्या कपाळावर काहीच नव्हतं. तुमच्याही नव्हतं.

दाजू, घरातलं माणूस गेलं की वर्षभर आपल्याकडे टिळा लागत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. बा गेले.

मी करार अर्धवट टाकून धावत येईन आणि नोकरीला मुकेन, म्हणून लपवलंत. माझ्या भल्यासाठीच केलंत, मान्य. पण मला फार राग आला. टिळ्याची मुदत पौर्णिमेपर्यंत असते, ती आज संपते. तोवर तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली.

सकाळी नाक्यावरच्या पेशावरी न्हाव्याकडे जाऊन मुंडण करून घेतलं. मक्केची यात्रा करणारेही डोकं भादरतात, त्याला वाटलं, मी तिथूनच आलोय. "उमरा झाला? मुबारक!" म्हणत त्याने मला मिठी मारली. मला रडू आवरेना. तो म्हणाला, "रडा, रडा, नशीबवान आहात." मी हो म्हटलं.

मी येत नाही, करार पुरा करीन. मला फक्त तारीख कळवा. बा गेले त्या दिवशी मी इथे काय करत होतो, ते आठवून बघायचंय.

तुमचा भाऊ, आणि बांचाही धाकटा मुलगा,
दधिराम