हेताला मीच शिकवणार

१४ एप्रिल
हेताच्या शिक्षणाला आजपासून सुरुवात. कुत्री वर्षाची झाली, म्हणजे शिकवायला अगदी योग्य वय.

टाउनोचं मत, आइलाकडे पाठव. आइला शिकारी कुत्री तयार करून देते आणि त्याचे पैसे घेते. मी अठ्ठावीस वर्षं या भागातल्या एकेका मठ्ठाला गाडी चालवायला शिकवतोय. मला एक कुत्री जड आहे होय? टाउनो आमच्या मंडळाचा शिकारप्रमुख आहे, शिक्षणतज्ज्ञ नाही. तरी वर मलाच समजावत होता, की मूसकुत्र्याने जंगलात सुटं फिरून मूस (घोड्याएवढं हरीण) शोधायचा, समोर उभं राहून भुंकत त्याला जागच्या जागी थोपवायचं, आणि मग माणसाने दबकत जाऊन गोळी घालायची. जसं काही मी पाळण्यात असल्यापासून हेच ऐकलेलं नाही.

प्रश्न घराण्याचा आहे. मंडळाचा कुत्रा आजोबांपासून आमच्या घरचा. शिकारीच्या केबिनमध्ये चुलीशेजारची खुर्ची कुत्रेवाल्याची, तिथे बाबा बसायचे. गेल्या हंगामात बाबांचा कुत्रा पोन्नू म्हातारा होऊन गेला, आणि मंडळातल्या रिस्तोने लगेच स्वीडनहून कुत्रा आणला. घाई बघा माणसाची. टाउनोने सांगून टाकलंय, ऑक्टोबरअखेर हेताने एक तरी मूस रोखून धरला पाहिजे, नाहीतर खुर्ची रिस्तोची.

ती खुर्ची गेली तर या गावात मी कोण? चढावर हँडब्रेक कसा सोडायचा ते सांगणारा माणूस. बस्स.

१९ एप्रिल
पद्धत ठरली. आधी शिस्त, मग जंगल. गाडीतही मी आधी आरसे शिकवतो. हेता सगळं लक्ष देऊन ऐकते. मधूनच जांभई देते, पण जांभई हे एकाग्रतेचं लक्षण आहे असं मी कुठेतरी वाचलंय.

सिर्का (बायको) म्हणाली, एवढं बोलू नकोस तिच्याशी. मी म्हटलं, बोलल्याशिवाय शिकवायचं कसं? ती म्हणाली, मला गाडी शिकवताना तू एवढाच बोलत होतास, म्हणून मी सायकलने जाते.

६ मे
प्रचंड प्रगती. हेता माझ्या डाव्या पायाला चिकटून चालते. मी थांबलो की थांबते. वळलो की वळते. रस्त्यात रिस्तो भेटला, त्याला मुद्दाम दाखवलं. तो म्हणाला, छान, आता मूस येऊन तुझ्या पायाला चिकटला की झालं.

पोटदुखी. दुसरं काही नाही.

११ जून
आज पहिल्यांदा जंगल. दलदलीच्या कडेने चाललो. हेताला सोडलं आणि म्हटलं, जा, शोध. ती माझ्या डाव्या पायाशी बसली. मी ढकललं. ती दोन पावलं गेली आणि परत पायाशी. मग मी तिला नीट समजावून सांगितलं, मूस म्हणजे काय, कुठे असतो, सकाळी काय खातो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जाऊन गाडीजवळ बसली.

डासांमुळे असणार. डासांनी माझी स्वतःची एकाग्रता गेली होती.

२६ जुलै
सिर्का बेऱ्या तोडायला दलदलीत गेली आणि न विचारता हेताला घेऊन गेली. बादली अर्धीच भरून परत. म्हणाली, कुत्री तासन्‌तास गायब होती, लांब कुठेतरी एका जागी उभी राहून भुंकत होती. तिला असं काम करताना ऐकायला इतकं बरं वाटलं, की मी नुसती बुंध्यावर बसून राहिले.

मी म्हटलं, गाय असेल.
म्हणाली, दलदलीत?

मी विषय वाढवला नाही. मात्र कुत्री कोणीही उठून जंगलात न्यायची नाही, असं बजावलं. शिक्षणात दोन मास्तर नसावेत. माझी तीन महिन्यांची शिस्त एका दुपारात बिघडायची.

३ ऑगस्ट
शेवटी आइलाकडे. माघार घेतलेली नाही. फक्त दुसऱ्या तज्ज्ञाचं मत. मोठे डॉक्टरसुद्धा घेतात.

आइला एकेकाळी माझ्याच गाडीत शिकत होती. हेताला उतरवून घेताना म्हणाली, तू मला सांगितलं होतंस, तुला क्लच या जन्मात कळणार नाही. मी म्हटलं, ते प्रोत्साहन होतं. ती खो खो हसली आणि आत जाऊन तिने आपले सगळे कप दाखवले. एकेक. कुठल्या स्पर्धेत, कोणाला हरवून. बाई बढाईखोर आहे.

१७ ऑगस्ट
हेताला आणायला गेलो. आइला म्हणते, कुत्रीत काही खोट नाही, नाक उत्तम, आवाज उत्तम, दोनदा मूस रोखला. मग म्हणाली, तिचं झालं, आता तू दोन आठवडे राहा.

विनोद समजून हसलो. ती हसत नव्हती. म्हणाली, तू तिला पायाशी बांधलंयस, आर्वो. दोरीने नाही, तोंडाने. जंगलात जा, बुंध्यावर बस आणि गप्प राहा. ती जाईल, परत येऊन बघेल तू आहेस का, पुन्हा जाईल. तुझं काम एवढंच, गप्प राहायचं.

एवढ्यासाठी पैसे? गप्प बसायला लोक फुकट सांगतात मला.

२९ ऑगस्ट
गप्प बसलो. बराच वेळ. हेता थोडी पुढे गेली, मागे वळून बघितलं. शाबास म्हणावंसं वाटलं, म्हणून म्हटलं. ती परत आली. बरोबर केलंस हे तिला कळावं म्हणून कुठे बरोबर आणि कुठे चुकली तेही सांगितलं. मग ती गेलीच नाही.

आइलाची पद्धत फसली, हे निदान सिद्ध झालं.

१२ सप्टेंबर
हेतासाठी नवा ट्रॅकर पट्टा. अप्रतिम वस्तू. फोनवर नकाशात ठिपका दिसतो, कुत्री मिनिटाला किती वेळा भुंकते ते दिसतं, आणि पट्ट्याला फोन लावला की तिच्या गळ्यापाशी चाललेलं सगळं ऐकूही येतं. मंडळातल्या सगळ्यांना लिंक पाठवून दिली. म्हटलं, माझी कुत्री काम करताना सगळ्यांनी बघावं, ऐकावं. रिस्तोने खास करून.

टाउनोने अंगठा पाठवला. रिस्तोने काही नाही. दुखत असेल.

१० ऑक्टोबर, शनिवार
कुत्र्यांसह हंगाम आज उघडला. केबिनमध्ये सगळे, चुलीवर कॉफी, वाटाण्याचं सूप. मी बाबांच्या खुर्चीत बसलो. कोणी बस म्हटलं नाही, पण ऊठ असंही कोणी म्हटलं नाही.

हेताला पूर्वेच्या टेकडीवर सोडलं. ठिपका दिवसभर माझ्या ठिपक्यावरच. टाउनो रेडिओवर म्हणाला, आर्वो, नकाशावर मला एकच ठिपका दिसतोय, तू कुत्रीला खांद्यावर घेतलंयस का? सगळे हसले. रेडिओवर हसणं फार खरखरीत ऐकू येतं.

रिस्तोच्या कुत्र्याने दुपारी मूस रोखला. सूप पिताना रिस्तो उभाच होता. बस म्हटलं तरी बसेना. खुर्चीकडे बघत होता.

१७ ऑक्टोबर, शनिवार
आजचा दिवस महत्त्वाचा. सविस्तर लिहितो.

सकाळी हेता पुन्हा पायाशी. माझा संयम संपला. कोणीच ऐकत नव्हतं, म्हणून तिच्यासमोर बसून मनातलं सगळं बोललो. म्हटलं, एकदा भुंक गं. एकदाच. त्या टाउनोला रेड्याइतकी अक्कल आहे, रिस्तो तर लहानपणापासून आमच्या घराच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे, सिर्काला वाटतं ती सगळं जाणते. माझं कोणी नाही गं या गावात, तू तरी भुंक. ती माझा हात चाटत राहिली. भुंकली नाही.

मग सुचलं. पट्टा भुंकणं मोजतो, भुंकणारा कोण ते बघत नाही. तिला मोठ्या दगडामागे धरून बसवलं आणि पट्ट्याजवळ तोंड नेऊन मीच भुंकलो. सुरुवातीला जमेना, मग लय सापडली. फोनवर आकडा चढत होता. मध्येच रेडिओवर सांगितलं, हेताने मोठा नर थोपवलाय, कोणी जवळ येऊ नका, मी चाललोय. पलीकडून टाउनो फक्त हं म्हणाला. पुन्हा भुंकलो. घसा सोलून निघाला, तेव्हा मूस निसटला असं कळवलं.

केबिनमध्ये आलो तर चिडीचूप शांतता. सिर्काही तिथेच होती, पाव भाजून आणले होते. कोणी वर बघेना. टाउनोने मला कॉफी ओतून दिली, आजवर कधी दिली नव्हती. रिस्तोसुद्धा शब्द बोलला नाही. आदर असाच दिसतो. आवाज बसलाय, पण दिवस सार्थकी लागला.

१८ ऑक्टोबर
सिर्काने आज नाश्त्याला सांगितलं.

काल सकाळी सगळे केबिनमध्ये कॉफीला थांबले होते. मूस काही निघेना, म्हणून टाउनोने हेताच्या पट्ट्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळं ऐकलं. रेडा. खुर्ची. सिर्का. माझं कोणी नाही. मग भुंकणं. पहिल्या दोन भुंकण्यांना रिस्तो म्हणाला, कुत्रीला सर्दी झालीय वाटतं, आणि सगळे लोटपोट. नंतर कोणी हसलं नाही. टाउनोने फोन बंद केला.

मी विचारलं, तू का नाही बंद केलास?
ती म्हणाली, मला वाटलं, माझ्याबद्दल आणखी काही बोलशील.

काय बोलणार होतो? उठून सौना (वाफेच्या स्नानाची खोली) तापवायला गेलो आणि लाकडं पेटवायचीच विसरलो.

लाज वाटते. इतकी की रस्त्यावर जायला नको वाटतं. आज तीन मुलांचे तास होते, तब्येतीचं कारण सांगून सगळे रद्द केले. आवाज तर खरंच बसलाय.

२१ ऑक्टोबर
नीट विचार केला. पट्टा बनवणाऱ्यांची चूक. ऐकायची सोय असेल तर पट्ट्यावर दिवा लागायला हवा.

२४ ऑक्टोबर
टाउनो घरी आला. बूट काढून स्वयंपाकघरात बसला. मी आधीच क्षमा मागायचा मजकूर तयार ठेवला होता, त्याने हाताने थांबवलं. म्हणाला, रेडा म्हणालास, म्हण. माझी बायको रोज म्हणते. पण कुत्री वाया घालवू नकोस, आर्वो. पुढच्या शनिवारी सिर्का तिला घेऊन जंगलात जाईल, मी बंदूक घेऊन मागे. तू रस्त्याच्या कडेला उभा राहा.

मी म्हटलं, सिर्काला शिकवावं लागेल.
सिर्का म्हणाली, नाही लागणार.

दोघं माझ्यासमोर बसून, माझ्या कुत्रीबद्दल, माझ्या टेबलावर ठरवून मोकळे झाले. मी सगळ्यांना कॉफी दिली.

३१ ऑक्टोबर, शनिवार
मला खडीच्या रस्त्यावर उभं केलं, जिथे मूस गेल्या कित्येक हंगामांत आलेला नाही. पाय गोठले. नकाशात सिर्काचा ठिपका एका जागी. हेताचा ठिपका निघाला, लांब, आणखी लांब. एकदा परत आला, सिर्कापाशी थांबला आणि पुन्हा गेला.

मग भुंकणं ऐकू आलं. फोनवर नाही, खरंखुरं, दलदलीवरून. एका जागी, न थांबता. जड, घट्ट आवाज. पोन्नूचंही इतकं सुंदर नव्हतं. मी टोपी काढून ऐकत होतो. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता, पण वाऱ्याने नाही आलं.

मग एक गोळी. मग शांतता. मग रेडिओवर टाउनो, पडला, मोठा नर. आणि सगळ्यांच्या आरोळ्या.

जायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पोचलो तेव्हा हेता मुसाच्या मानेचे केस उपटत होती, ते बक्षीस तिच्या हक्काचं. मी हाक मारली. तिने बघितलं, शेपूट हलवलं आणि पुन्हा कामाला लागली.

केबिनमध्ये सिर्का चुलीशेजारच्या खुर्चीत बसली. तिला त्या खुर्चीचं काही माहीत असेल-नसेल, थंडी वाजत होती म्हणून बसली असेल. कोणी तिला ऊठ म्हटलं नाही. रिस्तोने तिच्या पायांवर घोंगडी टाकली. मी सगळ्यांना सांगितलं, पायाभरणी एप्रिलपासूनची आहे, आज फक्त निकाल लागला. त्यातल्या दोघांनी मान हलवली. दाराजवळच्या बाकावर जागा होती, तिथे बसलो. वारा लागतो तिथे.

८ नोव्हेंबर
मन शांत. खुर्ची घरातच राहिली हे मुख्य. आजोबा, बाबा, आणि आता आमचं घर. कुत्री माझी, शिक्षण माझं, सिर्काने फक्त शेवटचा हात फिरवला. पुढच्या वर्षी एकेक शनिवार वाटून घेऊ, असा प्रस्ताव मी तिच्यापुढे ठेवणार आहे. तिने अजून ऐकलेला नाही, ती हेताला घेऊन बाहेर आहे.

संध्याकाळी टाउनोचा फोन आला. म्हणाला, पुढच्या हंगामाची यादी करतोय, येणार ना नक्की? आनंद झाला. मी म्हटलं, टाउनो, जे झालं ते झालं, तुम्ही मोठ्या मनाने बोलावताय, मी येणार, आणि या वेळी गप्प बसायचा सरावही करणार आहे. आइलाकडे दोन आठवडे राहायचीही तयारी आहे माझी. जंगलावर माझा जीव आहे, हे तुला माहीतच आहे. बराच बोललो.

माझं संपल्यावर म्हणाला, तुझं नाही रे विचारत. कुत्रीचं विचारतोय. सिर्का आली का? तिला दे फोन.

दारात बुटांचा आवाज झालाच होता. मी फोन सिर्काला दिला.