भावजींच्या लढाईचं फिनिशिंग

१२ सप्टेंबर १९६८, गुरुवार

कृष्णात भावजी आज पुण्याच्या गाडीनं गेले. पासष्टच्या लढाईत डोक्यात घुसलेला लोखंडाचा तुकडा लष्करी दवाखान्यात काढणार आहेत. पितृपंधरवड्यात कुणी ऑपरेशन करतं का, म्हटलं. हे म्हणाले, जा, डॉक्टरला पंचांग दाखवून ये.

निघताना भावजी माडीवर जाऊन बराच वेळ उभे होते. तिथं आडव्या टाकलेल्या एका जुन्या दारावर त्यांनी ती लढाई मांडलीय. लढाईपासून एकाच हाताची दोन बोटं चालतात, त्यांनीच दोन वर्षं चाललंय. मातीचा कालवा, काड्यांचा ऊस, शाडूचे शिपाई. खाली येऊन म्हणाले, वैनी, त्याला हात लावू नगा. डोस्क्यातलं काय ऱ्हातंय, काय जातंय, डाक्टरला बी ठावं न्हाई. तितं समदं जसंच्या तसं हाय.

किती लाजाळू माणूस! काम अपुरं राहिलं म्हणून जीव तुटतोय, पण ‘वैनी, पुरं करा’ असं तोंडानं म्हणवत नाही. मी ओळखलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

माडी झाडली. हात लावला नाही, फक्त झाडलं. काम बरं आहे, पण फिनिशिंग नाही. निम्मे शिपाई आडवे, एकाचं तोंड तर चिखलात. पडलेल्या प्रत्येकाच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा, तोही चांगला शिवणाचा. काटकसर भावजींना कधी जमलीच नाही.

मॅट्रिकला मला ड्रॉइंगमध्ये बासष्ट मार्क होते. ठरवलं. दिवाळीत मंडळाच्या किल्ला स्पर्धेत हे द्यायचं, खुल्या गटात. पहिलं बक्षीस स्टीलची कळशी आहे. कळशीचं काही नाही, भावजींचं नाव होईल.

२१ सप्टेंबर, शनिवार

परवा घट बसणार. खाली देवीचा घट आणि वर माडीत मढी पडलेली, हे मला चालायचं नाही. सगळ्यांना उभं केलं. तिघांचे पाय मोडले. मुळात आडवेच ठेवायचे म्हणून भावजींनी पाय कच्चे केले होते, त्यात माझा दोष काय? काड्यापेटीच्या काड्या आणि कणीक लावून बसवले. दोरे कापून शिवणाच्या डब्यात ठेवले, वाया कशाला घालवायचे.

आता सगळे एका ओळीत, छाती पुढं काढून उभे. ह्यांनी वर डोकावून विचारलं, ही लढाई आहे की रेशनची रांग? शिवाय म्हणाले, कृष्णानं नको सांगितलं होतं. मी म्हटलं, भक्तिभावानं केलेलं कधी वाईट होत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

उचगावची आक्काताई आली होती. हिचा नवरा गुंडू भावजींच्या तुकडीत होता, त्याच लढाईत गेला. प्रेतसुद्धा आलं नाही, नुसती तार. ही मधून मधून भाजी घेऊन येते आणि जिन्याकडं बघत बसते. माझा आधी वेगळाच समज झाला होता. देवी क्षमा करो, पण झाला होता.

आज म्हणाली, वैनी, दादा सारखं म्हणायचं, चल वर, दावतो. मलाच धीर व्हईना. आता केलाय. तांबडा दोरा बांधलेला त्यो आमचा. कुटं पडलाय, कुणीकडं तोंड करून पडलाय, येवढं डोळ्यांनी बगू द्या की.

मी म्हटलं, घटाचे दिवस आहेत, रडारड नको. भावजी आले की ये. चहा दिला. दूध जरा कमी होतं, पण दिला.

ती गेल्यावर डबा उघडला. तांबडा दोरा सापडला. शिपाई सापडेना. सगळे अगदी सारखे दिसतात आता. एवढा सारखेपणा आणणं सोपं नसतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

दसरा झाला, घट उठले. घटातलं उगवलेलं धान टाकून कशाला द्यायचं? भावजींच्या उसाच्या काड्या उपटून तिथं लावलं. खरा हिरवेपणा आला. धान शिपायांच्या कमरेला लागतंय.

खिडक्यांचा निळा ऑइलपेंट उरला होता, तो शिपायांना दिला. हे म्हणाले, बँडवाले वरातीला निघाले वाटतं. ह्यांना कलेतलं कळत नाही. ह्यांचं ऑफिसच तसलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

पुण्याहून पत्र आलं. ऑपरेशन सक्सेसफुल, तुकडा निघाला. फक्त मागच्या चार-पाच वर्षांतलं भावजींना काही आठवत नाही. परत येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, म्हणून तो एका हाताच्या दोन बोटांनी दिवस दिवस ते करत बसायचा. डोक्यातून जायच्या आत बाहेर काढून ठेवत होता. आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, अंबाबाईनं त्यांचं दुःखच काढून घेतलं. ह्यांनी ताटातली आमटी टाकली. उद्या थालीपिठात घालीन.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारच्या धोंडुबाई बघायला आल्या. म्हणाल्या, अगं बाई, किल्ला म्हणतीस आणि महाराज कुठायत? सिंहासनावरच्या महाराजांशिवाय आमच्या पेठेत नंबर मिळत न्हाई. त्यांनीच त्यांचे जुने महाराज दिले.

जागा नव्हती. कालव्यापलीकडं शत्रूचे रणगाडे होते, त्यांनी नुसती गर्दी केली होती. काढले. साबणाच्या खोक्यांचे होते. खोक्यांत आता मोहरी आणि जिरं. रणगाड्यांच्या जागी महाराज, त्यांच्या शेजारी देऊळ, पुढं विहीर. शिपायांची तोंडं महाराजांकडं वळवली. भावजींना पाहून भरून येईल.

२० ऑक्टोबर, रविवार

परीक्षण. चार माणसं लावून दार खाली आणलं. परीक्षक गुरुजींनी विचारलं, हा कोणता किल्ला? म्हटलं, पासष्टची लढाई. ते महाराजांकडं बघत राहिले. म्हणाले, शत्रू कुठाय? म्हटलं, पळाला. विहीर कशाला? म्हटलं, शिपायांना तहान लागत नाही का?

पहिला नंबर पन्हाळ्याला. दरवर्षी पन्हाळाच. उत्तेजनार्थसुद्धा नाही दिलं. पार्शालिटी. बायकांनी काही केलेलं बघवत नाही. दार परत माडीवर नेऊन ठेवलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार, पाडवा

भावजी आले. डोक्याला पट्टी, तब्येत छान. मला ओळखलं. ह्यांनी वर नेऊन दाखवलं, म्हणाले, कृष्णा, हे तू करत होतास. पुढं काही बोलले नाहीत. भावजी वाकून वाकून बघत होते. म्हणाले, मी केलंय व्हय? मग आसंच झालं आसंल.

तेवढ्यात आक्काताई आली. भावजींनी तिला ओळखलं. एकदम खूश होऊन विचारलं, गुंडू न्हाई आला? सुट्टीवर हाय न्हवं?

हे जिना उतरून गेले. आक्काताईनंच सांगितलं, दादा, त्यास्नी जाऊन तीन वर्सं झाली. तुमच्या शेजारीच पडलं की वो. भावजी खाली बसले. पहिल्यांदाच ऐकत होते. लहान पोरासारखे रडले. आक्काताईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग तिनं दारावरच्या लढाईकडं बघितलं. म्हणाली, ह्यात पडलेला कोनच न्हाई. तांबडा दोरा कुटाय? भावजी म्हणाले, मला काय बी ठावं न्हाई गं. दोघंही माझ्याकडं बघायला लागली.

काहीतरी सांगणं भाग होतं. दुःखी बाईला रिकाम्या हातानं पाठवणं पाप. मी बोट ठेवलं, म्हटलं, इथं, विहिरीपाशी. दिवाळीत आडवं ठेवू नये म्हणून उभं केलंय एवढंच. तिनं विचारलं, तोंड कुणीकडं? म्हटलं, देवळाकडं. ती म्हणाली, देऊळ हुतं व्हय तितं? मग देवाम्होरंच गेलं म्हणायचं. तिनं त्या जागेची चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली, राहिलेली पदरात बांधली. माझ्या पाया पडली.

एका शब्दानं केवढं समाधान दिलं मी. देवीच बोलली माझ्या तोंडून.

जाताना म्हणाली, उद्या सासूला घेऊन येते. म्हातारी ह्या एका गोष्टीपायी जिती हाय. पोरगं कुटं पडलं तितं तिला हात ठेवायचाय.

२३ ऑक्टोबर, बुधवार, भाऊबीज. सकाळी

धोंडुबाई सांगून गेल्या, बोळाच्या तोंडाशी आक्काताई दिसतीय, संगं एक म्हातारी हाय, हात धरून आणतीय.

वर गेले. काल बोट विहिरीच्या डावीकडं ठेवलं होतं की उजवीकडं, आठवेना. भावजी पहाटेपासून त्या मांडणीसमोर बसलेत, सगळं नव्यानं पाठ करतायत. त्यांना विचारलं. म्हणाले, वैनी, तुमीच सांगितल्यासा, तुमालाच ठावं.

माती उचलल्याचा खड्डा असेल म्हणून शोधला. नाही. काल ती गेल्या गेल्या मीच ओल्या बोटानं सारवून टाकला होता. फार वाईट दिसत होता.