एकशे त्रेचाळीस की एकोणीस?

ती. उद्धवमामांना अमरावतीहून केदारचा साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? (अकोल्याच्या उन्हात शेक वेगळा घ्यावा लागत नसेल.) मी बरा आहे, म्हणजे डोकं सोडून.

झालं असं, की देशात नव्या औषधांवर किती संशोधन होतं ते मोजायला दिल्लीत एक समिती बसली आणि तिचा फॉर्म आमच्या फार्मसी कॉलेजात आला. प्राचार्य खुशालराव सरांनी तो माझ्या गळ्यात मारला. लेख मोजले तर एकशे त्रेचाळीस! मी हरखलो. मग दिसलं, की एकाच लेखावर अकरा जणांची नावं आणि अकराही जणांनी तो आपापल्या नावावर भरलेला; बाकीच्या लेखांचंही असंच. (अकरावे आमचे ग्रंथपाल. त्यांनी बहुधा कपाटाची किल्ली दिली असावी.) नीट मोजल्यावर उरले एकोणीस. आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या कुंदाताईंच्या नावापुढे शून्य! या बाईंनी सहा वर्षं एका रानपाल्याचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली, पण यकृत खराब झालं. औषध जमलं नाही, म्हणून कोणी लेख छापला नाही. मी त्यांचा निष्कर्ष वेगळ्या कागदावर लिहून फॉर्मला जोडला.

सर भडकले. "अबे, हे काहून जोडलं? देशाची मोजणी होऊन राहिली, अन् तू फसलेलं औषध दाखवतं?"

कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "फसलं नाही सर. हे माणसाले द्याचं नाही, एवढं समजलं मले."

सरांनी एकशे त्रेचाळीस पाठवले. मला राहवेना; मी एकोणीस आणि तो कागद परस्पर पाठवला. दिल्लीचं उत्तर आलं: एकाच संस्थेचे दोन आकडे आल्याने सरासरी एक्याऐंशी धरली आहे, कागदासाठी रकाना नसल्याने तो परत करत आहोत. कुंदाताईंनी मात्र तो कागद प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला, पुढच्या कोणाची तीच सहा वर्षं जाऊ नयेत म्हणून. माझ्याकडे सध्या फुटलेल्या काचनळ्या मोजायचं काम आहे.

आपला भाचा,
केदार

ता.क. दर्यापूरला रागिणीच्या घरी तुम्ही दिलेल्या माझ्या बायोडेटात 'एकतीस शोधनिबंध' आहेत. (हो, मीच सांगितले होते.) ते तीन करून या. फोनवर नको, स्वतः जा.

ता.क. २. मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, हे मामींनी आधी का नाही सांगितलं?